आखातातला पहिला उन्हाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची चिपळूणची, मग काही वर्षं पुणे, आणि २०११ पासून शारजा. दर मार्च-एप्रिलमध्ये नव्याने आलेलं एखादं मराठी कुटुंब आमच्याकडे जेवायला असतं, आणि वरण-भात वाढेपर्यंत तेच तेच प्रश्न सुरू होतात. शेवटी लिहूनच काढले. उत्तरं प्रामुख्याने यूएईपुरती, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीपुरती आहेत. कतार, कुवेत, ओमानचे नियम वेगळे आहेत, तिथे जिथे माहीत आहे तिथे तसं सांगितलंय. मी डॉक्टर नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

आम्ही नागपूरचे. ४५ अंश आम्हाला नवीन नाही. मग इथे वेगळं काय?

हा प्रश्न विचारणारे सगळे नागपूर, अकोला किंवा चंद्रपूरचे असतात आणि जुलै संपेपर्यंत सगळे गप्प झालेले असतात.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली दमटपणा. विदर्भातलं ऊन भाजतं, पण हवा कोरडी असते. घाम येतो आणि लगेच उडून जातो, आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातो. शरीराचा थंड व्हायचा मुख्य मार्ग तोच. दुबई, शारजा, अजमान, अबू धाबी ही सगळी समुद्राकाठची शहरं. आखाताचा समुद्र उथळ आहे, ऑगस्टमध्ये त्याचं पाणी ३३-३४ अंशांपर्यंत तापतं, आणि त्याची वाफ आपल्या डोक्यावर असते. घाम येतो, पण उडतच नाही, नुसता ओघळतो. म्हणून आतल्या वाळवंटातल्या अल ऐनचे कोरडे ४४ अंश सोसवतात आणि शारजातले दमट ३८ सोसवत नाहीत. उष्णता आणि दमटपणा एकत्र मोजायची एक रीत आहे, ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापीची. ती ३५ अंशांवर गेली तर सावलीत स्वस्थ बसलेल्या धडधाकट माणसाचंही शरीर स्वतःला थंड करू शकत नाही, असं मानलं जातं. ही पातळी थोड्या वेळासाठी का होईना ओलांडलेल्या जगातल्या मोजक्या ठिकाणांत आपलं शेजारचं रास अल खैमा आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: इथे मृग येत नाही. आपला उन्हाळा कितीही कडक असला तरी शेवट ठरलेला असतो. वळीव पडतो, जूनमध्ये पाऊस येतो, माती वास सोडते. आपलं मन त्या वेळापत्रकावर घडलेलं आहे. इथे जून आला की उन्हाळा खरा सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत हलत नाही. नवी माणसं जूनअखेर खचतात ती उकाड्याने कमी आणि 'अजून कसा संपत नाही' या भावनेने जास्त.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, याला उन्हाळा म्हणूच नका, कोकणातला पावसाळा समजा. आम्ही लहानपणी चार महिने घरात असायचो. मे महिन्यात लाकडं, तांदूळ, पापड, सुकी मासळी, सगळी बेगमी व्हायची आणि मग कुणी 'बाहेर पडता येत नाही' म्हणून रडत बसायचं नाही. इथेही मे संपायच्या आत बेगमी करायची आणि चार-पाच महिन्यांचं घरातलं आयुष्य आखून टाकायचं. पुढची बहुतेक उत्तरं याच हिशेबाने दिलेली आहेत.

नक्की किती तापतं?

किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ४० ते ४३, आणि रात्री ३०च्या आसपास. रात्रीचा आकडा नीट वाचा. सूर्य गेला की गारवा येतो हा आपला हिशेब इथे चालत नाही. आतल्या वाळवंटात पारा आणखी चढतो. अबू धाबी अमिरातीतल्या स्वैहान इथे १ ऑगस्ट २०२५ला ५१.८ अंश नोंदले गेले. कुवेतच्या मित्रिबाहने २०१६ साली ५३.९ पाहिलेत. पण रोजच्या आयुष्यासाठी नुसतं तापमान बघू नका. फोनवर त्याखाली 'वाटतं किती' असा दुसरा आकडा असतो, तो बघा.

शरीराला सवय किती दिवसांत होते?

साधारण एक ते दोन आठवड्यांत, पण अट अशी की थोडं थोडं उष्णतेत जावं लागतं. सवय होते म्हणजे घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो आणि हृदयाची धावपळ कमी होते. चोवीस तास एसीत बसून ही सवय लागत नाही. बाहेरचं काम असणाऱ्यांसाठी जगभर एक ठोकताळा वापरतात: अगदी नव्या माणसाने पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या पाचव्या हिश्श्याएवढंच काम करायचं, मग रोज तेवढंच वाढवत न्यायचं. आपण ऑफिसवाल्यांनी सकाळी सहाच्या आधी वीस मिनिटं चालून सुरुवात करावी.

आणि ही सवय सुटते. महिनाभर गावी राहून ऑगस्टअखेर परत आलात की पुन्हा पहिलीपासून. 'मी दहा वर्षं इथे आहे' याचा उपयोग होत नाही.

दिवसाला किती पाणी प्यायचं?

ठरीव आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लघवीचा रंग बघा. फिकट लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक, उसाच्या गुळासारखा झाला तर तुम्ही मागे पडलात. घरात बसणाऱ्याला तहानेच्या थोडं पुढे राहिलं की पुरतं. बाहेर घाम गाळणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावं, पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि तेही जिवावर बेतू शकतं. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून माणूस आणखी पाणी पितो आणि आणखी बिघडतो.

भरपूर घाम गेला असेल तर ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

ताक, कोकम, पन्हं यांचं इथे काय?

सगळं मिळतं, आणि हे आपले लोक उगाच पीत नव्हते.

ताकाला इथला सख्खा भाऊ आहे, लबन. कुठल्याही बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, थंड बाटली मिळते. आपल्या ताकापेक्षा दाट असतं, म्हणून निम्मं पाणी घालायचं, जिरेपूड, चिमूट हिंग आणि आलं. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा नाक मुरडून प्यायले आणि परत जाताना 'तिकडे मिळत असेल का हे' विचारून गेले. पाणी, मीठ आणि थोडी प्रथिनं एकाच पेल्यात, उन्हातून आल्यावर आणखी काय हवं. बाटलीवर मीठ किती ते मात्र वाचा; काही लबनमध्ये आधीच घातलेलं असतं.

कोकमाच्या बाबतीत एक घोटाळा हमखास होतो. दुकानात मिळतं ते बहुतेक वेळा अमृत कोकम, म्हणजे साखरेचा पाक. दिवसातून तीनदा ते पिणं म्हणजे तीनदा शीतपेय पिणं. हवं ते आगळ, मीठ घातलेला नुसता रस. बर दुबईतल्या मीना बाजारात आणि करामात शोधलं तर सापडतं, पण गावाहून आलेल्याची सर नाही. पन्ह्यासाठी कैरी भारतीय भाजीवाल्यांकडे असते. सब्जा, नाचणीचं आंबील, धने-जिऱ्याचं पाणी खुशाल घ्या.

खिशात कांदा ठेवायचा की नाही, हेही विचारतात. ठेवा, पण दुपारी तो ताकाबरोबर खा. कांद्याचा जो काही उपयोग आहे तो तिथे आहे.

दुपारी थंड पाण्याचा नळ सोडला तरी कढत पाणी येतं! बिघाड आहे का?

नाही. टाकी गच्चीवर आहे आणि ती दिवसभर तापते. जून ते सप्टेंबर दोन्ही नळांना गरमच येतं. यावर इथली जुनी युक्ती: मे महिन्यात गिझर बंद करून टाका. गिझरची टाकी घराच्या आत असते, बहुधा बाथरूमच्या छताआड, त्यामुळे तिच्यातलं पाणी घराच्या तापमानाला येतं. मग 'गरम' नळाला कोमट-थंड येतं आणि 'थंड' नळाला कढत. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ओरड ऐकू येते. लहान मुलांच्या अंगावर पाणी घेण्याआधी हाताने तपासाच, आणि बाळाची आंघोळ असेल तर सकाळीच बादली भरून ठेवा.

एसी किती वर ठेवायचा? बिल परवडेल का?

२४. सुरुवातीला लोक १८ वर लावतात, मग रात्री रजई शोधतात, मग सर्दी, मग बिल. बाहेरचा आणि घरातला फरक जितका मोठा तितकं शरीर गोंधळतं. २४ वर एसी आणि सोबत छताचा पंखा असेल तर दमटपणा जातो आणि झोप लागते.

बिलाचा विचार मात्र घर घेतानाच करायचा असतो. जाहिरातीत 'चिलर फ्री' लिहिलं असेल तर थंडाव्याचा खर्च घरमालकाकडे. नसेल तर विचारा की इमारत मध्यवर्ती थंडाव्यावर आहे का. तसं असलं तर वापराच्या रकमेखेरीज एक ठरलेला आकारही दरमहा द्यावा लागतो, तुम्ही गावी असलात तरी. आम्ही पहिलं घर भाडं कमी म्हणून घेतलं. दोन्ही खोल्या पश्चिमेला, समोर मोकळं वाळूचं मैदान. दुपारी तीननंतर भिंतीला हात लावला तर चटका बसायचा आणि एसी अखंड घरघरायचा. भाड्यात वाचलेले सगळे दिरहम विजेत गेले. त्यामुळे घर बघायला जायचं ते दुपारी चारला, सकाळी नाही.

आणि एप्रिलमध्ये एसीची जाळी, नळी साफ करून घ्या. जुलैत तंत्रज्ञाची वेळ मिळता मिळत नाही आणि छतातून पाणी ठिबकत असतं.

गावाकडचा कूलर इथे चालेल का? वाळ्याचे पडदे?

किनाऱ्यावर नाही. कूलर पाणी उडवून हवा गार करतो. हवेत आधीच पाणी ठासून असेल तर तो फक्त खोली ओलसर करतो. अल ऐनसारख्या कोरड्या ठिकाणी थोडा उपयोग होतो.

एसीच्या आधी इथे लोक काय करत, हे बघायचं असेल तर दुबईच्या अल फहिदी भागात जा. घरांवर चौकोनी मनोरे दिसतात, त्यांना बारजील म्हणतात. चारही बाजूंनी येणारा वारा पकडून तो खालच्या खोलीत सोडायचा. त्याच्या खाली उभं राहिलं की फरक खरोखर जाणवतो. ज्यांना शक्य होतं ते लोक उन्हाळ्यात किनारा सोडून अल ऐन आणि लिवाच्या खजूरबागांकडे जात. तिथे हवा कोरडी, झाडांची सावली, आणि त्याच वेळी खजूर पिकायला आलेले. आपण मे महिन्यात मामाच्या गावाला आंब्यासाठी जायचो, तसंच काहीसं.

पंखा लावून झोपलं तर?

खोली ३५च्या खाली असेल तर छान. ४०च्या पुढे पंखा नुसती गरम हवा अंगावर मारतो आणि उलट अंग तापवतो. एसी बंद पडला तर ओला पंचा अंगावर घ्या, शेजाऱ्यांकडे किंवा मॉलमध्ये जा. संकोच करायची ही जागा नाही.

स्वयंपाकघरात एसी नाही. पोळ्या करताना जीव जातो.

हा प्रश्न मला बायकाच विचारतात. पुरुषांना इतक्या वर्षांत हा प्रश्न पडलेला मी पाहिला नाही, हे नमूद करून ठेवते.

जुन्या इमारतींत स्वयंपाकघराला थंड हवेचा झरोकाच नसतो. खिडकी उघडली तर बाहेरची वाफ आत. गॅस, तवा, प्रेशर कुकर आणि चार माणसांच्या वीस पोळ्या म्हणजे अर्धा तास भट्टीपुढे उभं राहणं. दुसऱ्या उन्हाळ्यात मला तिथे घेरी आली होती, आणि घरातले बाकीचे सगळे २३ अंशांत बसले होते.

तेव्हापासून आमच्याकडे जून ते सप्टेंबर वेगळं चालतं. शिजवायचं ते सकाळी साडेसहाच्या आत. कणीक आदल्या रात्री मळून ठेवलेली. कुकरऐवजी विजेचा भातकुकर आणि तो बाहेरच्या खोलीत. संध्याकाळी पोळ्या नाहीत: दहीभात, दडपे पोहे, थालीपीठ असेल तर एकेकाने आपापलं करून घ्यायचं, किंवा सरळ खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणून भाजीबरोबर. खुबूस एक दिरहमच्या आसपास मिळतो आणि तो कुणीतरी दुसऱ्याने भाजलेला असतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. शिवाय एक उभा पंखा दाराशी ठेवून बैठकीतली गार हवा आत ढकलायची. पोळी करणारी बाई पाणी प्यायली का, हे कुणीतरी विचारायचं.

माझं काम साइटवर आहे. कायदा काय सांगतो?

यूएईमध्ये १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२.३० ते ३ या वेळात उघड्या उन्हात काम करवून घेणं बेकायदा आहे. मोडल्यास मालकाला दर कामगारामागे ५,००० दिरहम, जास्तीत जास्त ५०,००० दंड. सावली, थंड पाणी, विश्रांतीची जागा देणं हीही मालकाचीच जबाबदारी. तातडीच्या दुरुस्तीसारखी काही कामं अपवाद आहेत. कतारमध्ये हा काळ १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३०, आणि शिवाय ऊन, उष्णता आणि दमटपणा यांचं एकत्रित मोजमाप (वर सांगितलेल्या ओल्या फडक्याच्या तापमापीहून वेगळं) ३२.१ अंशांच्या वर गेलं तर वेळ कुठलीही असो, काम थांबवायचं. मला कतारचा नियम जास्त शहाणपणाचा वाटतो, कारण सप्टेंबरमधली सकाळी नऊची दमट हवा घड्याळाला विचारून येत नाही.

एक गोष्ट सांगायची राहते. तुम्ही मागवलेलं जेवण दुपारी दोनला दुचाकीवरून कुणीतरी घेऊन येतं. दारात थंड पाण्याची बाटली तयार ठेवा.

उष्माघात झाला हे ओळखायचं कसं?

आधी थकवा येतो: खूप घाम, चक्कर, मळमळ, पायात गोळे, डोकं दुखणं. तेवढ्यावर गार जागी आडवं केलं, पाय वर, घोट घोट ओआरएस, तर माणूस अर्ध्या-एक तासात सावरतो. नाही सावरला तर दवाखाना.

उष्माघात म्हणजे अंगाचं तापमान ४०च्या वर आणि *डोक्यावर परिणाम*. असंबद्ध बोलणं, ओळख न पटणं, अडखळणं, झटके, बेशुद्धी. घाम थांबलेला असेलच असं नाही, त्यावर विसंबू नका. बोलणं बिघडलं की वेळ घालवायचा नाही. ९९८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थंड करत राहा: सावली किंवा एसी, कपडे सैल, मिळेल त्या पाण्याने अंग भिजवून वारा घाला, मानेवर, काखेत, जांघेत बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी देऊ नका, हा तो ताप नाही. 'जरा पडू दे, बरं वाटेल' हे वाक्य इथे घातक आहे.

उन्हाळी लागणं, घोळणा फुटणं, घामोळं?

उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ, तर आधी पाणी वाढवा. दोन दिवसांत थांबली नाही, ताप आला, किंवा पाठीतून कळ आली तर तपासून घ्या, कारण आखातात मुतखडा फार होतो. त्याचा दोष लोक समुद्राचं पाणी गोडं करून देण्याला देतात. खरं कारण कमी पाणी पिणं हे आहे.

घोळणा एसीच्या कोरड्या हवेने फुटतो. मान मागे टाकू नका, पुढे झुकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरा. घामोळ्याला तेल लावू नका, रंध्रं आणखी बुजतात. गार पाणी, कोरडं अंग, सैल सुती कपडे, कॅलामाइन.

रोजच्या गोळ्यांचं काय?

लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, ॲलर्जीच्या काही, मनोविकारांवरच्या काही गोळ्या घाम कमी करतात किंवा पाणी ओढतात. स्वतः बंद करू नका, मेमध्ये डॉक्टरांना भेटून मात्रा विचारा. वापरात असलेलं इन्सुलिन साधारण ३० अंशांखाली राहायला हवं. गाडीत विसरलेलं पेन टाकून द्या, दिसायला तसंच दिसलं तरी.

आणि हो, इतक्या उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्व कमी निघणं इथे नेहमीचं आहे. ऊन असतं, आपण त्यात नसतो.

गाडीबद्दल काय लक्षात ठेवायचं?

मूल गाडीत ठेवून 'दोन मिनिटांत येते' म्हणून उतरायचं नाही. एसी चालू ठेवूनही नाही. बाहेर ४३ असताना बंद गाडीच्या आत ६०च्या पुढे जातं, आणि पहिल्या दहा मिनिटांतच बरंच चढतं. मागच्या सीटवर मूल झोपलेलं असेल तर आपली पर्स किंवा चप्पल मागे ठेवा, म्हणजे उतरताना मागे बघावंच लागतं.

टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल. पाच वर्षांपेक्षा जुने टायर इथे चालत नाहीत, आणि तापलेल्या डांबरावर ते फुटतात म्हणूनच हा नियम आहे. बॅटरी भारतात चार वर्षं चालली म्हणून इथे चालेल असं धरू नका, दोन वर्षांत बघून घ्या. डिओ, लायटर, पॉवरबँक गाडीत ठेवू नका. सीटबेल्टच्या कडीवर फडकं टाका.

मुलांना चार महिने घरात कसं ठेवायचं?

भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि जुलै-ऑगस्ट सुट्टी. म्हणजे सर्वांत कडक महिने मूल घरी. आमच्या लहानपणी पावसाळ्यात पत्ते, सागरगोटे आणि भांडणं होती, इथेही फारसं वेगळं नाही. पोहण्याचे तलाव उन्हाळ्यात पाणी थंड करून ठेवतात, संध्याकाळी सहानंतर न्या. दुबईत जुमेरा आणि उम्म सुकीमला रात्री पोहण्यासाठी दिवे लावलेले किनारे आहेत, पण ऑगस्टमध्ये समुद्रात उतरणं म्हणजे कोमट आंघोळ. घसरगुंडीच्या पत्र्याला मुलाआधी आपला हात लावा.

चालायला कुठे जायचं?

मॉल. पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं, बूट घालून दुकानांसमोरून फेऱ्या मारणारे आजोबा बघून. आता मीही त्यांच्यातली. सकाळी दुकानं उघडण्याआधी गर्दी नसते. जाताना पातळ शाल न्या, आत २० अंश असतात. बाहेर पडताच चष्म्यावर धुकं जमतं आणि दोन मिनिटं काही दिसत नाही, तेव्हा पायऱ्यांवर थांबा.

सुट्टीला घर बंद करून जाताना एसी बंद करायचा ना?

नाही! दीड महिन्याने परत आलात तर चामड्याच्या चपला, कपाटातल्या पैठण्या, भिंती, सगळ्यावर बुरशी. एसी २७-२८ वर चालू ठेवा, कपाटांची दारं उघडी, आणि आठवड्यातून एकदा शेजाऱ्यांना डोकावायला सांगा.

जवळपास कुठे गारवा आहे का?

रास अल खैमाचा जेबेल जैस १,९३४ मीटर उंच आहे, वर पायथ्यापेक्षा दहाएक अंश कमी. पण मन भरायचं असेल तर ओमानमधलं सलाला. आपल्याकडे येतो त्याच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचं टोक धोफारच्या डोंगरांना लागतं आणि जूनअखेर ते सप्टेंबर तिथे भुरभुर पाऊस आणि धुकं असतं. त्याला खरीफ म्हणतात. दुबईहून सुमारे १,२०० किलोमीटर. आम्ही गेलो तेव्हा वाटेत शेकडो मैल वाळू आणि मग अचानक घाट, हिरवं गवत, धुक्यात चरणाऱ्या गाई. नवऱ्याने गाडी थांबवली आणि आम्ही दोघं काही न बोलता भिजत उभे राहिलो. नारळाच्या टपऱ्याही आहेत.

हा उन्हाळा संपतो कधी?

इथली जुनी माणसं सुहैल ताऱ्याची वाट बघतात. २४ ऑगस्टच्या सुमाराला तो पहाटे दक्षिणेला उगवतो आणि त्यानंतर रात्री निवायला लागतात, असं मानतात. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. आपल्याकडेही अगस्त्य उगवला की पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळतं असं म्हणायचे. तारा एकच, तिकडे पावसाचा शेवट सांगतो, इकडे उन्हाचा.

पण तारा दिसला म्हणून फसू नका. सप्टेंबर फार दमट जातो आणि नवी माणसं तिथेच धीर सोडतात. खिडकी उघडून झोपण्याजोगी पहिली रात्र मला बहुतेक वर्षी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मिळालीय.

आईबाबांना कधी बोलवू?

नोव्हेंबर ते मार्च. जुलैत इकडे नातवंडांना सुट्टी असते, म्हणून मोह होतो. पण साठीपुढच्या माणसांना दमट उष्णता जड जाते आणि त्यांना तहानही कमी लागते. शिवाय आजोबांना चार भिंतींत दोन महिने बसवून ठेवलं तर भांडणं होतात, अनुभव आहे. डिसेंबरात या म्हणावं, स्वेटर घेऊन, संध्याकाळी लागतो. आणि येताना दोन बाटल्या आगळ, झाकणाला चिकटपट्टी लावून, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत, मोठ्या बॅगेत. पांढऱ्या कपड्यांपासून लांब.